राखलेल्या जागा

आयर्लंडच्या शेतशिवारांत मातीचे गोल बांध आणि त्यांभोवतीचे खंदक ठिकठिकाणी आढळतात. इ. स. ५०० ते १००० या सुमारास शेतकरी कुटुंबांनी आपल्या घरांभोवती घातलेली ही तटबंदी होय. अशा सुमारे ४५,००० जागा तेथे आहेत. मूळ रहिवासी विस्मृतीत गेले आणि लोकमानसाने त्या जागा पऱ्यांच्या स्वाधीन केल्या. तेथे नांगर फिरवला तर घरावर अरिष्ट कोसळते, ही समजूत रूढ झाली आणि तिनेच अनेक बांध राखले.

मराठी माणसास हे अपरिचित वाटू नये. सह्याद्रीतील देवराईत कुऱ्हाड चालत नाही. कित्येक ठिकाणी वाळली काटकीही घरी नेत नाहीत. पाणवठ्याकाठी शेंदूर माखलेले सात दगड दिसले, की साती आसरांचे ठाणे ओळखून वाटसरू जपून पाऊल टाकतो.

या श्रद्धांच्या तळाशी इतिहासही दडलेला असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील देवीची आणि वेताळाची ठाणी पायी हिंडून पाहिली. अनेक ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. पशुपालांच्या जुन्या वाटा जेथे मिळतात तेथे ही ठाणी वसली, असा निष्कर्ष त्यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडला. ज्यांच्या नावाने आपले मल्हारगंज ओळखले जाते, त्या सुभेदार मल्हाररावांचे धनगर घराणे पुणे जिल्ह्यातील नीराकाठच्या होळ गावचे. तेव्हा या वाटा आपल्याही पूर्वेतिहासाच्या आहेत.

१९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ व वर्तक या अभ्यासकांनी देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती तेथे टिकल्याचे दिसून आले. मात्र देवाचा धाक ओसरला, की लाकडाचा भाव आठवतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात देऊळ मोठे होते आणि राई आटते.

१९९९ साली आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात पऱ्यांचे मानले गेलेले एक काटेरी झुडूप नव्या महामार्गाच्या आड आले. लोककथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठविला आणि रस्त्याची आखणी बदलून झुडूप वाचविण्यात आले. ते वाचविण्यासाठी प्रत्येकाने पऱ्यांवर विश्वास ठेवण्याची गरज नव्हती. एका समाजाची स्मृती तेथे उभी आहे, एवढे उमगणे पुरेसे होते.

शिक्षणाने मनातील भय जावे, हे योग्यच. परंतु भयाने आजवर जी राखण केली, ती यापुढे समजुतीने करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य ठरते.