ड्रोन आणि खालचा तिऱ्हाईत

२२ डिसेंबर २०१५ च्या रात्री इटलीतील मादोन्ना दी कांपील्यो या डोंगराळ गावी बर्फावरील घसरशर्यत चालू होती. ऑस्ट्रियाचा विख्यात खेळाडू मार्सेल हिर्शर वळणे घेत उतारावरून खाली येत असता, त्याच्या पाठीमागे अगदी थोड्या अंतरावर आकाशातून एक यंत्र कोसळले आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. दूरचित्रवाणीसाठी शर्यतीची दृश्ये टिपणारा तो ड्रोन होता. खेळाडू थांबला नाही. शर्यत पुरी करून त्याने दुसरा क्रमांकही मिळवला. परंतु ते यंत्र क्षणभर आधी पडले असते तर काय झाले असते, हे दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या सर्वांना डोळ्यांनी दिसले. शर्यतीच्या नियामक संघाने त्यानंतर आपल्या स्पर्धांतून असले ड्रोन बंद केले.

बंदी घालणे सोपे असते. अवघड असते ते हे ठरवणे, की कोणता ड्रोन कोठे व किती उंचीवर उडू द्यावा आणि कोणता उडू देऊ नये. त्या काळी युरोपीय संघाच्या समाईक विमानकायद्याची दृष्टी १५० किलोहून जड मानवरहित विमानांपुरतीच पोहोचत होती. त्याहून हलकी यंत्रे ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोपवलेली होती. जणू १५० किलोच्या आतील वस्तू माणसाच्या डोक्यात पडली तर तो त्या त्या गावचा घरगुती प्रश्न!

कायदा असा का होता, याचे कारण विमानांच्या इतिहासात सापडते. विमानाचे सारे नियम मुख्यतः आत बसलेल्या प्रवाशाच्या रक्षणासाठी झाले. शिवाय वैमानिक स्वतः विमानात असतो. यंत्र कोसळले तर तोही कोसळतो, आणि त्याच्या सावधगिरीला याहून मोठा जामीन कोणता? ड्रोनच्या बाबतीत हे दोन्ही आधार निखळतात. आत कोणीच नाही आणि चालवणारा जमिनीवर सुखरूप उभा आहे. सारा धोका बाहेरच्यांना: आकाशातून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाला आणि खाली आपल्या कामाने चाललेल्या माणसाला. या माणसाने ड्रोन विकत घेतलेला नसतो, भाड्याने आणलेला नसतो, पुष्कळदा पाहिलेलाही नसतो. नव्या युरोपीय नियमांची सारी रचना या तिऱ्हाईताभोवती झालेली आहे, आणि ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे त्यातील किचकट वाटणारी कलमे आपोआप उलगडू लागतात.

२०१८ साली युरोपीय संघाने १५० किलोची ती जुनी मर्यादा काढून टाकली आणि सर्व मुलकी ड्रोन एका कायद्याखाली आणले. २०१९ मध्ये त्याला जोडून दोन नियमावल्या निघाल्या. एक यंत्र कसे बांधावे याची, दुसरी ते कसे उडवावे याची. उड्डाणाची नियमावली महामारीमुळे काही महिने लांबणीवर पडून ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. तिने ड्रोनचा वापर तीन गटांत वाटला: खुला, विशेष आणि प्रमाणित. येथे वाटणी यंत्राची नसून वापराची आहे, हे महत्त्वाचे. वीस किलोचे फवारणीयंत्र ओसाड शेतावर पिकाच्या शेंड्याला लागून चालले असेल तर त्याच्याखाली दगावण्यासारखे कोणी नसते; उलट दोन किलोचा ड्रोन भरल्या मंडपावर घिरट्या घालू लागला तर खाली शेकडो डोकी असतात. केवळ काट्यावर तोलून निकाल देणारा कायदा पहिल्याला अडवील आणि दुसऱ्याला सोडील. जोखीम पाहून नियम करायचा म्हणजे यंत्र, त्याचा वेग आणि त्याच्याखालची वस्ती ही तिन्ही एकत्र तोलायची.

खुल्या गटात आगाऊ परवानगी लागत नाही. यंत्र २५ किलोच्या आत असावे, जमिनीपासून १२० मीटरच्या वर जाऊ नये आणि चालवणाऱ्याच्या नजरेआड होऊ नये, एवढ्या मर्यादा पाळल्या की झाले. मग येथे सुरक्षिततेची हमी कोण देतो? बव्हंशी कारखानदार. विजेची इस्तरी विकत घेणाऱ्याला विद्युतशास्त्र यावे लागत नाही, कारण तिच्या दांड्यातून वीज येऊ नये ही जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली असते. तोच न्याय येथे लावला आहे. ड्रोनवर सी-० ते सी-४ यांपैकी एक वर्गचिन्ह असते आणि ते यंत्र माणसांच्या किती जवळ नेता येईल हे त्या चिन्हावरून ठरते. सी-० म्हणजे २५० ग्रॅमच्या आतील हलके यंत्र. सी-२ चार किलोच्या आत. त्याला तिऱ्हाइतांपासून ३० मीटर दूर राहावे लागते, मात्र सेकंदाला तीन मीटरच्या वर जाऊ न देणारी मंदगतीची कळ दाबली तर पाच मीटरपर्यंत येता येते. त्याहून जड यंत्रांनी वस्ती, बाजार, कारखाने व करमणुकीच्या जागा यांपासून १५० मीटर दूरच राहायचे.

यांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वर्ग सी-१ हा होय. त्याची अट अशी की, एक तर यंत्राचे वजन ९०० ग्रॅमच्या आत असावे, किंवा ते पडतानाच्या कमाल वेगाने माणसाच्या डोक्यावर आदळले तरी डोक्याला पोहोचणारी ऊर्जा ८० ज्यूलपेक्षा कमी असावी. ८० ज्यूल म्हणजे किती? क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. तो ताशी ११४ किलोमीटर वेगाने आला तर त्याच्यात एवढी ऊर्जा असते. म्हणजे मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू. दीड किलोचा नारळ १५ मीटर उंचीच्या माडावरून सुटला तर खाली येईतो त्याच्यात सुमारे २२० ज्यूल साठतात, जवळजवळ तिप्पट. गोव्यात माडाखाली खाट टाकून कोणी का निजत नाही, हे यावरून कळावे. ८० ज्यूल हा आकडा निरुपद्रवी आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. मध्यमगती चेंडू शिरस्त्राणाविना डोक्यावर घ्यायला कोण धजेल?

खरी मौज पुढे आहे. नियम यंत्रात साठलेली ऊर्जा मोजत नाही. डोक्याला पोहोचणारी मोजतो. सारख्याच वजनाचे दोन ड्रोन घ्या. एकाचे हात आघाताबरोबर दुमडतात, त्याचे कवच चेपते, आणि बरीचशी ऊर्जा त्या मोडतोडीतच खर्ची पडते. दुसऱ्याचा सांगाडा टणक असल्याने सारा आघात तो जसाच्या तसा कवटीकडे पाठवतो. काट्यावर दोन्ही सारखे भरतील, कसोटीवर नाही. म्हणून जो कारखानदार आपले यंत्र योग्य ठिकाणी मोडेल असे बांधतो, त्याला या नियमात बक्षीस आहे. मानकांत याखेरीज पुष्कळ गोष्टी येतात. टोकदार कडा टाळाव्यात, पात्यांनी होणारी इजा कमी व्हावी, बॅटरी उतरू लागताच चालवणाऱ्याला वेळेवर इशारा मिळावा, आवाजाला मर्यादा असावी. संदेशांचा दुवा तुटला तर यंत्राने भरकटू नये. दुवा पुन्हा जोडण्याची अथवा लोकांना कमीत कमी अपाय होईल अशा रीतीने उड्डाण संपवण्याची ठरलेली सोय त्यात असावी. सी-१ ते सी-३ या वर्गांत नमुन्याची परीक्षा स्वतंत्र संस्थेकडून व्हावी लागते. तेथे कारखानदाराच्या शब्दावर भागत नाही.

याच मानकांत ओळखीचीही तरतूद आहे, आणि तिचे महत्त्व २०१८ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने दाखवून दिले होते. ड्रोन दिसल्याच्या वार्तेवरून तेथील धावपट्टी वारंवार बंद झाली. सुमारे एक हजार उड्डाणे आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. आणि ते यंत्र कोणाचे होते हे अखेरपर्यंत उघड झाले नाही. सी-१ ते सी-३ च्या ड्रोनने उडताना आपला क्रमांक, चालकसंस्थेची नोंद, स्वतःचे ठिकाण, उंची आणि चालवणाऱ्याचे ठिकाण सतत प्रक्षेपित करायचे असते. मोटारीला मागे क्रमांकाची पाटी असते तशीच ही पाटी, फक्त ती डोळ्यांनी न दिसता उपकरणाने वाचायची. अर्थात जो लबाडीच करायला निघाला आहे तो पाटी काढून टाकील; परंतु मग पाटी नसलेले यंत्र संशयास्पद हे तरी ठरते.

आता तिऱ्हाईत कोणाला म्हणावे? नियमांच्या खुलाशात हा प्रश्न बारकाईने सोडवला आहे. जो उड्डाणात सहभागी नाही, किंवा ज्याला सूचना व खबरदारी समजावून दिलेली नाही, तो तिऱ्हाईत. संगीताच्या जलशात तिकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ड्रोनचा उल्लेख छापला किंवा ध्वनिक्षेपकावरून घोषणा केली म्हणून प्रेक्षक सहभागी ठरत नाहीत. माणसाला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्याने त्याला कार्यक्रमातून बाहेर पडावे लागता कामा नये. गर्दीची व्याख्या तर याहूनही सुरेख आहे. तिच्यात डोक्यांची संख्याच दिलेली नाही. दाटीमुळे ज्यांना बाजूला सरता येत नाही अशी जमलेली माणसे म्हणजे गर्दी. जत्रेत देवळापुढे, फेस्ताच्या दिवशी चर्चच्या आवारात, विसर्जनाच्या मिरवणुकीत उभे राहिलेल्या कोणालाही ही व्याख्या शिकवावी लागणार नाही. खुल्या गटातील कोणत्याही ड्रोनला, मग तो कितीही हलका असो, अशा गर्दीवरून जाता येत नाही.

या चौकटीत न बसणारा वापर, उदाहरणार्थ नजरेपलीकडे मैलोगणती जाणारे यंत्र, विशेष गटात पडतो. तेथे तयार चिन्ह पुरत नाही. आपल्या उड्डाणाची जोखीम चालकाने मांडायची. यंत्राचा आकार व वेग एका बाजूस, खालच्या वस्तीची दाटी दुसऱ्या बाजूस. त्यावरून जमिनीवरचा धोका निघतो. त्या हवेत दुसरी विमाने भेटण्याचा संभव किती, यावरून आकाशातला. दोहोंच्या मिळणीतून सहा पायऱ्यांपैकी एक पायरी ठरते आणि पायरीगणिक पुराव्याची कडक मागणी वाढते. आकाशछत्री लावली की जमिनीवरचा धोका काही अंशी घटतो, मात्र ती खरोखर उघडते हे दाखवावे लागते. प्रमाणित गटात माणसे वाहून नेणारी यंत्रे येतात. त्यांना विमानाचाच कायदा लागतो, त्याविषयी येथे विस्तार नको.

युरोपच्या या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नव्हे. २५० ग्रॅमची रेषा ओढली गेली आणि बाजारात बरोबर २४९ ग्रॅमचे ड्रोन आले! त्यांतील काहींच्या पात्यांभोवती संरक्षक कडी बसवली की यंत्र अधिक निर्धोक होते, पण वजन रेषेपलीकडे जाते. नियम पाळायचा तर कडी काढा, बोटे वाचवायची तर कडी लावा, अशी ती विचित्र कोंडी. दुसरी उणीव वेळेची. नियम आधी झाले. कसोट्यांचा तपशील सांगणारी मानके मागून रेंगाळत आली. परिणामी चिन्हांकित यंत्रे बाजारात मिळेनात आणि जुन्या यंत्रांना दिलेली सवलतीची मुदत वाढवत वाढवत १ जानेवारी २०२४ पर्यंत न्यावी लागली. त्यानंतरही जुने ड्रोन बेकायदा ठरले नाहीत, पण २५० ग्रॅम व त्याहून जड असलेल्यांना वस्तीपासून १५० मीटर दूर जावे लागले.

भारताने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपले ड्रोन नियम केले तेव्हा २५० ग्रॅमची रेषा येथेही आली. त्या नियमांनी यंत्रांचे वजनावरून पाच वर्ग पाडले आणि आकाशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे रंगवले. तांबड्या पट्ट्यात केंद्र सरकारची परवानगी हवी, पिवळ्यात हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांची. हिरव्यात परवानगीची गरज नाही. यंत्राच्या नमुन्याला प्रमाणपत्र घेण्याची अटही आहे, आणि त्यातून सर्वांत हलका वर्ग वगळला आहे. विशेष गटात शोभेल असा प्रयोग त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादजवळच्या विकाराबाद येथे झाला. नजरेपलीकडे उडणाऱ्या ड्रोननी तेथे औषधे व लसी पोहोचवल्या.

मात्र दोन्हींच्या दृष्टीत एक फरक आहे. दोन किलोच्या आतील ड्रोन हौसेने उडवणाऱ्याला २०२१ च्या नियमांनी चालकाच्या प्रमाणपत्रातून मोकळे ठेवले. तोच ड्रोन मोबदला घेऊन उडवला, तर प्रमाणपत्र हवे. म्हणजे लग्नात पैसे घेऊन चित्रण करणाऱ्याला ते लागते, वधूच्या हौशी मामाला लागत नाही, जरी मंडप तोच, पाहुणे तेच आणि यंत्रही तेच असले तरी. युरोपचा प्रश्न खाली कोण आहे हा. येथे धंदा आहे की नाही हा प्रश्न पुढे आला. खालच्या माणसाची आठवण भारतीय नियमांना दुसऱ्या वाटेने झाली आहे, आणि ती वाट मोटारीच्या कायद्यातून जाते. ड्रोनमुळे कोणाच्या जिवाला वा मालमत्तेला अपाय झाला, तर भरपाईसाठी आणि त्रयस्थाच्या विम्यासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील तरतुदी योग्य त्या फेरफारासह लागू कराव्यात, असे त्या नियमांत म्हटले आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला हा विमा नसला तरी चालतो. त्याहून जड ड्रोन घेऊन मांडवात आलेल्या मामाला मात्र, प्रमाणपत्र नसले तरी, विम्याचा कागद जवळ बाळगावा लागतो.