ट्रकवरचे बिऱ्हाड आणि दोराची गाठ

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात. पुण्यात तुकोबांची पालखी नाना पेठेत आणि माउलींची भवानी पेठेत विसावते, तेव्हा आसपासच्या रस्त्यांवर आणखी एक मेळा भरतो. तो असतो ट्रकांचा. पुष्कळ दिंड्यांचा आपापला ट्रक असतो. त्यात राहुट्या, बांबू, सतरंज्या, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, मोठाली पातेली, शिधा, गॅसच्या टाक्या आणि पिण्याचे पाणी असते. वारकरी पायी चालतो आणि त्याचे बिऱ्हाड ट्रकमधून पुढे जाते.

आता हे बिऱ्हाड हौद्यात नुसते ठेवलेले असते, की बांधलेले असते? तुम्ही म्हणाल, वरून ताडपत्री टाकली, दोर आवळला, झाले काम. पण मंडळी, ताडपत्री पावसासाठी असते. ओझे धरून ठेवणे हे तिचे काम नव्हे. आणि दोर आवळला म्हणजे नेमके काय केले, हे कळले नाही तर आवळलेला दोरही ऐन वेळी दगा देतो. त्या वेळी ट्रकच्या मागे चालणारी माणसे असतात, हे विसरून चालत नाही.

बैलगाडी हाकणाऱ्याला यातले निम्मे शास्त्र ठाऊक असते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर जू दाबते. म्हणून तो ओझे तोलून भरतो. ट्रकला बैलाची मान नाही, म्हणून तक्रार करणारेही कोणी नाही. शिवाय ट्रकचा वेग बैलगाडीच्या कितीतरी पट. तिथे नुसत्या तोलाने भागत नाही.

चालत्या ट्रकमधल्या ओझ्याला चार दिशांची ओढ असते. ब्रेक लागला की ते पुढे धावते. चढावर ट्रक झटक्याने सुटला की मागच्या फाळक्यावर रेटते. वळणावर बाहेरच्या अंगाला कलते. आणि खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर वर उचलले जाते. या चौथ्या ओढीकडे आपले लक्ष नसते. पण ओझे उचलले गेले की त्याची हौद्यावरची पकड सुटते, आणि मग बाकीच्या तिघींचे काम सोपे होते.

ही ओढ किती असते? युरोपात माल बांधण्याचे जे ठरलेले नियम आहेत, त्यांत पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट ओढ धरतात. म्हणजे १००० किलोंचे सामान असेल, तर कडक ब्रेकच्या वेळी ते ८०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे जाऊ पाहते. पाण्याची १००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे बरोबर एवढेच ओझे. टाकी अर्धी असेल तर वजन निम्मे होते खरे, पण पाणी हिंदकळून आणखी धक्के देते. म्हणून टाकी भरून न्यावी, नाहीतर रिकामी करून न्यावी.

आता गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. एक लांब फळी घ्या, तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागला की थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा आणि त्याखाली जमिनीवर फळीचा पाया किती लांब आहे तेही मोजा. पाया १०० सेंटिमीटर आणि उंची ४० असेल, तर त्या लाकडाची पकड झाली ०.४. कोरड्या लाकडावर लाकूड साधारण असेच वागते. मग फळीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा अंथरून तोच ठोकळा ठेवा. या वेळी फळी पुष्कळ जास्त उचलावी लागेल. शेवटी मुलांना विचारा: कडक ब्रेकची ओढ ०.८, म्हणजे १०० च्या पायाला ८० ची उंची. ट्रक असा नाकावर तिरपा उभा केला, तर त्यातले सामान जागेवर राहील का? दोर बांधणाऱ्याने स्वतःला हाच प्रश्न विचारायचा असतो.

आपल्या १००० किलोंच्या सामानाला नुसती पकड ४०० किलोंपर्यंत धरून ठेवील. उरलेले ४०० किलो कोणी धरायचे? वरून दोर टाकून ते धरायचे म्हटले, तर दोराने १००० किलोंचा जादा दाब द्यायला हवा, कारण ०.४ पकडीला ४०० किलोंसाठी एवढा दाब लागतो. हाताने ओढलेल्या दोराला ५० किलोंचा ताण आला असे धरू. दोन्ही बाजूंचे मिळून एका दोराचा दाब १०० किलो. म्हणजे दहा दोर लागतील! आणि हे दोर सरळ उभे उतरले तर. जमिनीशी ३० अंशांत तिरपे उतरले, तर दाब निम्माच.

दहा दोर बांधायला कोणाला वेळ आहे? म्हणून शहाणा माणूस आधी सामान केबिनच्या मागच्या भक्कम भिंतीला भिडवतो. मध्ये फट उरली तर फळ्या किंवा भरलेली पोती ठासतो. मग पुढची ओढ ती भिंत घेते आणि दोराला उरलेल्या दिशा सांभाळायच्या राहतात. जड ते तळाशी आणि मधोमध, हलके ते वर. गॅसच्या टाक्या उभ्या आणि एकमेकींना आवळून ठेवाव्यात.

अमेरिकेत हौशी प्रवासी छोट्या ट्रकच्या हौद्यावर चक्क एक खोली बसवतात. तिच्यात पलंग, चूल, मोरी सगळे असते. ती खोली ट्रकला कायमची जोडलेली नसते. मुक्कामाला उतरवून ठेवता येते. तिचे चार कोपरे आटे फिरवून ताणता येणाऱ्या बांधांनी ट्रकला जखडतात, खाली रबराची चटई घालतात आणि पुढे लाकडी ठोकळे बसवतात. म्हणजे दाब, पकड आणि अडसर. त्यांचा ट्रक निराळा, आपला निराळा. पण या तीन गोष्टी दोघांनाही सारख्याच लागतात.

हडपसर ओलांडून माउलींची पालखी सासवडकडे दिवे घाट चढते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात. घाटातल्या वळणाचे गणित बघा. १५ मीटर त्रिज्येचे अवघड वळण ट्रकने ताशी २० किलोमीटर वेगाने घेतले, तर बाहेरची ओढ वजनाच्या सुमारे ०.२१ पट होते. लाकडाची पकड ०.४, म्हणून सामान टिकते. तेच वळण ताशी ३० ने घेतले तर ओढ ०.४७ पट होते. वेग दीडपट झाला, पण ओढ सव्वादोन पट झाली, आणि न बांधलेले सामान सरकले. ताशी दहा किलोमीटरचाच काय तो फरक!

आता दोराविषयी. दोर हौद्याच्या लोखंडी हुकाला बांधावा. बांबूला किंवा फाळक्याच्या साखळीला नव्हे. एकच लांब दोर सगळ्यावरून फिरवू नका. तो एका जागी तुटला की सगळेच मोकळे होते. दोनतीन वेगळे दोर घ्या. गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, म्हणून मधे तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरू नये. पेटीच्या धारेवर दोर घासतो, तिथे गोणपाटाची घडी ठेवा. शेवटची गाठ सुरगाठ असावी की निरगाठ? सुटायला सोपी पण धक्क्याने न सुटणारी हवी. म्हणून सुरगाठ मारून उरलेले टोक एकदा अडकवून टाकावे.

आणि पाऊस? काथ्याचा किंवा सुताचा दोर भिजला की फुगून आखडतो आणि वाळला की सैल पडतो. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो. म्हणून सकाळी आवळलेला दोर दुपारी तसाच असेल असे धरू नका. सामानही हादऱ्यांनी खाली बसते. निघाल्यावर पहिल्या आठदहा किलोमीटरांवर थांबा आणि प्रत्येक दोर हाताने दाबून पाहा. पुढे प्रत्येक विसाव्याला हेच करा. यात पाच मिनिटे जातात.

कायद्याचेही बोलणे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार माल हौद्याच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच बाहेर निघालेला असेल, तर २०,००० रुपये दंड आहे आणि तो उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. राहुटीचे बांबू फाळक्यावरून मागे लोंबत असतील, तर निघण्यापूर्वीच ते आत घ्या. बांधलेल्या सामानावर मात्र कोणालाही बसू देऊ नका, मग तो कितीही थकलेला असो. दोर वळकटीला धरील; माणसाला धरणार नाही.

दिंडीत ज्याच्याकडे ट्रकची जबाबदारी असते, त्याला अभंग म्हणायला फारशी सवड मिळत नाही. पण त्याच्या दोरावर हात ठेवून पाहण्याने मागचे पन्नास-शंभर जण निर्धास्त चालतात. ऊस असो, कांद्याची पोती असोत, लग्नाचे सामान असो, हाच नियम: आधी भिडवा, मग दाबा, आणि वाटेत पुन्हा पाहा.