कसूर आणि भरपाई

कोगनोळीच्या नाक्यावरून निपाणीत येणारा आणि तवंदी घाटातून संकेश्वरमार्गे बेळगावास जाणारा, पूर्वी ४ क्रमांकाचा व आता ४८ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी आणि त्यांच्यामागे खोळंबलेल्या मोटारींनी इतका भरून जातो, की त्या गर्दीत एखाद्याचा बंपर चेपणे किंवा मागचा दिवा फुटणे यात नवल ते काय! त्यानंतर रस्त्याच्या कडेला जी पंचायत बसते तिच्यात मात्र कसूर कोणाचा हे पुराव्यावरून ठरण्याऐवजी गाडी कोणाची मोठी, पाटी 'एमएच ०९'ची की 'केए २३'ची आणि जमलेल्यांत कोणाच्या ओळखीचे अधिक, यांवरूनच बहुधा ठरते.

मागून आदळला तो दोषी, हा लोकन्याय अगदीच निराधार नाही. पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखण्याचे बंधन मोटार वाहन चालनाच्या २०१७च्या नियमांनीही घातले आहे. परंतु काळोखात, मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली उभी करणाऱ्याचीही हयगय सिद्ध झाली, तर मोटार अपघातांच्या दाव्यांचे न्यायाधिकरण दोघांच्या निष्काळजीपणाचे प्रमाण शेकड्यात ठरवते आणि दावेदाराच्या वाट्याचा दोष त्याच्या भरपाईतून वजा करते. म्हणून गाड्या बाजूस घेण्यापूर्वी त्यांची स्थिती, चाकांच्या खुणा व दोन्ही नंबरपाट्या यांची छायाचित्रे घ्यावीत. बघ्यांच्या साक्षी संध्याकाळपर्यंत बदलतात.

तथापि कसूर ठरणे आणि पैसे मिळणे या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या एकमेकींत गुंतलेल्या नाहीत. ज्याचा विमा सर्वसमावेशक आहे त्याला, चूक आपली असो वा समोरच्याची, दुरुस्तीचा खर्च आपल्याच कंपनीकडे मागता येतो. मात्र ठरावीक वजावट स्वतः सोसावी लागते, प्लास्टिक व रबरी भागांची किंमत झिजेपोटी सामान्यतः निम्मीच धरली जाते, आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी, वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी हप्त्यावरील सूट हातची जाते. दोन-तीन हजारांच्या दिव्यासाठी ती घालवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा असेल, तर तो दुसऱ्याचे नुकसान भरतो, आपले नव्हे. अशा मालकाला समोरच्याकडून वसुली करावी लागते, आणि तेथे दोष शाबीत केल्यावाचून गत्यंतर नसते.

राजीखुशीने 'मिटवून घेणे' ही आपल्याकडील जुनी रीत, आणि ओरखड्यापुरती ती उत्तमच. पण तिच्या भरात 'चूक माझीच' असे कागदावर लिहून देणे धोक्याचे, कारण कंपनीच्या लेखी संमतीवाचून जबाबदारी कबूल करू नये अशी अट पॉलिसीतच असते, जी पुष्कळांनी कधी वाचलेलीही नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेस इजा झाली आणि जागेवर पोलीस नसले, तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, नजीकच्या ठाण्यात वर्दी देणे चालकावर १९८८च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा एकदा नोंदला गेला, की तो आपसांत मागे घेण्याजोगा राहत नाही.

ज्या १९५६ साली राज्य-पुनर्रचनेने बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, त्याच साली मोटार अपघातांच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद कायद्यात आली, हा योगायोगच. पुढे १९९४च्या दुरुस्तीने दावेदाराला सवलत मिळाली, की त्याने दावा अपघाताच्या स्थळी, आपल्या राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या गावी, कोठेही लावावा. त्यामुळे निपाणीजवळ धडक बसलेल्या कोल्हापूरकराला कोल्हापुरात दाद मागता येते, पण पंचनामा कन्नडात असतो, त्याचे भाषांतर करून घ्यावे लागते, पंच निपाणीचे असतात, आणि २०२२पासून या साऱ्याला अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांचीच मुदत आहे.