बाळाचे क्रोशे बूट: टाके मोजता, मग तास का मोजत नाही?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तान्ह्या बाळाचे क्रोशाचे बूट विणले. व्हिडिओ थांबवून टाके लिहून घ्यायला त्रास होतो, म्हणून पूर्ण नमुना खाली दिलाय. पण आज फक्त विणून थांबायचं नाही. या बुटांची किंमतही काढायची आहे.

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, कुठेही वर्ग घेतला तरी बोलणं साधारण असंच होतं. "जोडी कितीला देता?" "साठ रुपयांना." "साठच का?" "लोकर पंचवीसचीच तर लागते, मॅडम!"

आणि विणायला लागलेले दोन तास? ते हिशोबात कुठेच नसतात. आपण एकेक टाका मोजून विणतो, एक टाका चुकला तर अख्खी फेरी उसवतो, पण तास मोजत नाही. आज दोन्ही मोजू.

साहित्य

चार पदरी मऊ बेबी लोकर साधारण २५ ग्रॅम, ३.५ मिमीची क्रोशाची सुई, लोकर ओवायची बोथट सुई, कात्री आणि मोजपट्टी. थंडीसाठी ॲक्रिलिक बेबी लोकर चालते, उन्हाळ्यात सुती धागा घ्या. केस सुटणारी फुलकट लोकर तान्ह्या बाळासाठी नको. ते केस बाळाच्या नाकातोंडात जातात.

नमुना: नवजात बाळ, तळवा साधारण ९ सेंमी

सिंगल क्रोशे म्हणजे मुका खांब आणि डबल क्रोशे म्हणजे खांब. प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने जोडायची. खांबाच्या फेरीत सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे १ खांब. मुक्या खांबाच्या फेरीत सुरुवातीची १ साखळी मोजायची नाही.

फेरी १: १२ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत ३ खांब. पुढच्या ७ साखळ्यांत एकेक खांब. शेवटच्या साखळीत ७ खांब. आता साखळीच्या दुसऱ्या बाजूने ७ साखळ्यांत एकेक खांब. जिथून सुरुवात केली त्याच साखळीत ३ खांब. एकूण २८.

फेरी २: ३ साखळ्या आणि त्याच जागी १ खांब. पुढच्या ३ खांबांत दोन-दोन. मग ७ खांबांत एकेक, पुढच्या ७ खांबांत दोन-दोन, पुन्हा ७ खांबांत एकेक, शेवटच्या ३ खांबांत दोन-दोन. एकूण ४२. तळवा तयार.

फेरी ३: टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात सुई घालून ४२ मुके खांब. इथून बुटाची भिंत उभी राहते.

फेरी ४ आणि ५: नेहमीसारखे ४२ मुके खांब.

फेरी ६: १५ मुके खांब, मग दोन टाक्यांचा मिळून एक खांब असं ७ वेळा, मग १३ मुके खांब. एकूण ३५.

फेरी ७: १३ मुके खांब, दोनाचा एक खांब ६ वेळा, १० मुके खांब. एकूण २९.

फेरी ८: १२ मुके खांब, दोनाचा एक खांब ४ वेळा, ९ मुके खांब. एकूण २५.

फेरी ९ आणि १०: २५ खांब. हा घोट्याचा भाग. उंच हवा असेल तर अजून एक फेरी करा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळासाठी तळवा १० सेंमी लागतो. तेव्हा १२ ऐवजी १४ साखळ्या घाला. पहिल्या दोन फेऱ्यांत बाजूने एकेक खांब घेताना ७ च्या जागी ९ येतील, टोकाचे ७ तसेच राहतील. पुढे टाके घटवताना दोन्ही बाजूंच्या मुक्या खांबांत दोन-दोन वाढतील, म्हणजे सहाव्या फेरीत १५ आणि १३ चे १७ आणि १५ होतील. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. म्हणून दुसरी फेरी झाली की तळवा मोजपट्टीने मोजा. ९ सेंमीपेक्षा मोठा आला तर एक नंबर बारीक सुई घ्या.

देण्याआधी तपासायच्या तीन गोष्टी

पहिली: बूट उलटा करून आतून बोट फिरवा. आत सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि रक्तपुरवठा अडू शकतो. बाळ फक्त रडतं, सांगू शकत नाही. प्रत्येक टोक ओवून पक्कं करा.

दुसरी: मणी, बटण, चिकटवलेलं फूल नको. सुटलं की सरळ तोंडात जातं. रिबनऐवजी घोट्याच्या फेरीत बारीक इलॅस्टिक ओवता येतं. रिबन लावलीच तर आखूड ठेवा आणि मागे टाका घालून शिवून टाका.

तिसरी आपल्या भागासाठी खास: बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी देतात ना, तेव्हा ॲक्रिलिकचे बूट बाळाच्या पायात नकोत. हा धागा जास्त उष्णतेने वितळतो. सोबतच्या चिठ्ठीत हे एक वाक्य लिहा. गिऱ्हाइकाला कळतं की विणणाऱ्या बाईने बाळाचा विचार केलाय.

आता हिशोब

वही घ्या आणि माझ्यासोबत लिहा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाका.

लोकर: १०० ग्रॅमचा गुंडा १०० रुपये धरला, तर २५ ग्रॅमचे २५ रुपये.
इलॅस्टिक, पिशवी, चिठ्ठी: १० रुपये.
एसटी भाडं, मोबाइल, सुईची झीज, जोडीमागे: ७ रुपये.
मजुरी: २ तास.

या दोन तासांचे किती धरायचे? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर रोजचा ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं की तासाला ३९. दोन तासांचे ७८ रुपये. लक्षात घ्या, हा अकुशल कामाचा दर आहे. क्रोशे शिकायला तुम्हाला महिने लागलेत, म्हणजे ३९ ही सुरुवात आहे, शेवट नाही. तुमच्या गावात खुरपणीची किंवा टोमॅटो तोडणीची हजेरी यापेक्षा जास्त असेल तर ती धरा.

एकूण खर्च: २५ + १० + ७ + ७८ = १२० रुपये. त्यावर २५ टक्के नफा ३० रुपये. विक्रीची किंमत १५० रुपये.

आता साठ रुपयांचा हिशोब बघा. साठातून लोकर, पिशवी, भाडं असे ४२ गेले. उरले १८. दोन तासांचे अठरा, म्हणजे तासाला नऊ रुपये. नऊ रुपये तासाने तुम्ही कुणाच्या कांदा लागवडीला जाल का? मग घरात बसून का जाताय?

म्हणून ताई, १२० हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. दुकानदार एकदम वीस जोड्या घेतो म्हणाला तर नफ्याचे ३० तुम्ही त्याला सोडू शकता. मजुरीचे ७८ सोडू नका.

"पण बाजारात तर चाळीसला मिळतात!"

मिळतात. ते मशीनवर विणलेले मोजे असतात. क्रोशाचा टाका मशीनवर जसाच्या तसा निघत नाही, तो हातानेच घालावा लागतो. म्हणून खरी क्रोशाची वस्तू कुठे अगदी स्वस्त दिसली, तर समजा की कुणाचे तरी तास मोजलेले नाहीत.

हे मी मनाचं सांगत नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. "घरी बसून रिकाम्या वेळात करतात" असं धरल्यामुळे मजुरी अगदी नगण्य राहिली. माल मधल्या व्यापाऱ्यांकडून निर्यातदाराकडे जायचा आणि कमाईही तिकडेच. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण "रिकामा वेळ" हा शब्द किती महाग पडतो, ते या उदाहरणातून शिकायचं. पहाटे पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत राबणाऱ्या बाईला रिकामा वेळ असतो कुठे?

दीडशेला घेणार कोण?

मोजे घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक घेणार नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका. आपलं गिऱ्हाईक म्हणजे बाळंतविडा देणारं घर.

पहिलं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी होतं. चाकण, पिंपरी, मुंबईला दिलेल्या मुली बाळंतपणाला जुन्नर-आंबेगावात येतात. बारशाला बाळंतविडा घेताना आजी, मावशी, आत्या भाव करत बसत नाहीत, चारचौघांत शोभेल अशी वस्तू शोधतात. तिथे सुटी जोडी नेऊ नका. बूट, टोपरं आणि दुपटं असा एका रंगाचा संच द्या. टोपऱ्याचा आणि दुपट्याचा हिशोबही याच रीतीने, तास धरून.

या धंद्यात आपल्याला तारीख आधी कळते, हे फार थोड्या धंद्यांत होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की हातात दोनेक महिने असतात. तेव्हाच ऑर्डर घ्या, निम्मे पैसे आधी घ्या. मुलगा की मुलगी हे आधी कळणं १९९४ च्या कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून गुलाबी-निळ्यात न अडकता पिवळा, पांढरा, पोपटी रंग ठेवा.

आणि काळी लोकर विसरू नका. संक्रांतीला बोरन्हाण असतं, बाळाला काळं झबलं घालतात. त्याखाली पांढऱ्या काठाचे काळे बूट किती छान दिसतील! ही बाळं काही महिन्यांची असतात, म्हणून मोठ्या मापाचे बूट डिसेंबरमध्येच तयार ठेवा.

बचत गटात असाल तर 'उमेद'च्या तालुका कार्यालयात विक्री प्रदर्शनांची चौकशी करून ठेवा. मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, तिथे गटांच्या बायकांना स्टॉल मिळतात. पण आधी किंमत पक्की करा, मग स्टॉल.

वेळ कमी कसा होईल?

एक जोडी पूर्ण करून दुसरी घेऊ नका. आधी सहा जोड्यांचे बारा तळवे विणा, मग बारा भिंती, मग बारा घोटे. तेच तेच केलं की हात बसतो, टाके तोंडपाठ होतात. दोन तासांचं काम दीड तासावर आलं तर जोडीमागे साधारण वीस रुपये वाचतात. ते तुमच्या कौशल्याचे आहेत. लगेच किंमत कमी करून गिऱ्हाइकाला देऊन टाकू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

एक जोडी विणा. सुई हातात घेतली की घड्याळातली वेळ लिहा. मध्ये दूध उतू जातंय म्हणून उठलात, तर उठल्याची आणि परत बसल्याची वेळ लिहा. शेवटी फक्त विणलेला वेळ जोडा आणि वरच्या हिशोबात तुमचे आकडे टाका. जी किंमत येईल ती मोठ्याने म्हणा, तीन वेळा. हसू नका, खरंच म्हणा! घरात जी किंमत म्हणताना जीभ अडखळते, ती गिऱ्हाइकासमोर निघत नाही.

तुमचा तासांचा आकडा आणि तुमची किंमत खाली लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत याच लोकरीचं टोपरं घेऊ. येताना वही आणा, सुई तर आणालच.