हत्तीपायाच्या कृमीचा बिऱ्हाडकरू

लहानपणी आमच्या भंडाऱ्यात आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्त घ्यायला येत. गाढ झोपेतून उठवून बोटाला सुई टोचत. दिवसा का येत नाहीत, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं; हत्तीपायानं खाटेला खिळलेल्या आजीलाही नाही. उत्तर पुढे पुस्तकात सापडलं. कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, क्युलेक्स डास चावण्याच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात.

मी वाणिज्य शाखेचा. जीवशास्त्र वाचत आलो ते त्या एका उत्तराच्या नादानं. या कृमींवरचे शोधनिबंध आजही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचतो.

आपल्या विदर्भातला कृमी वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. तो प्रयोगशाळेत सांभाळणं अवघड, म्हणून आधी वाचला गेला तो त्याच्या भाऊबंदाचा, ब्रुगिया मलायीचा जनुकसंच. हा कृमी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो. २००७ साली त्याचा संच प्रसिद्ध झाला. जनुकं सुमारे ११,५००. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही, हेच मला जास्त रंजक वाटलं. आपल्या रक्ताला लाल रंग देणारा हीम हा रेणू कृमीलाही लागतो, पण तो घडवण्याची बहुतेक जनुकं त्याच्याकडे नाहीत. ब-२ जीवनसत्त्वाचीही तीच गत.

ही सामग्री आहे त्याच्या पेशींत राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूकडे. त्याची जेमतेम ८०० जनुकं २००५ मध्येच वाचून झाली होती, आणि हीम घडवण्याची साखळी त्यांत जवळजवळ पूर्ण होती. मादी कृमी हा बिऱ्हाडकरू अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. रुग्णाला काही आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं की जिवाणू मरतो, मादी वांझ होते आणि पुढे कृमीही हळूहळू मरतात. मग काय, आमच्या वाचनालयातल्या व्याख्यानात मी ठोकून दिलं: जिवाणू गेला की हीमवाचून कृमीची उपासमार!

ते वाक्य मला मागे घ्यावं लागलं. आफ्रिकेत माणसाच्या डोळ्यात दिसणारा लोआ लोआ हा याच कुळातला कृमी. त्याच्यात वोल्बाकिया नाहीच. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच आला, तेव्हा जिवाणूची उणीव भरून काढणारी जनुकं त्यात असतील अशी अपेक्षा होती. ती सापडली नाहीत. जे ब्रुगियाकडे नाही ते याच्याकडेही नाही, तरी गडी मजेत जगतो. ब्रुगियालाही बाहेरचं हीम आत ओढून घेता येतं, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे जनुकांच्या यादीतली रिकामी जागा दिसली म्हणून ती कोण भरतं, हे कळत नाही. माझ्या हिशेबात माणूस, म्हणजे यजमान, धरलेलाच नव्हता.

डॉक्सिसायक्लिन गावोगाव वाटता येत नाही. कोर्स लांबलचक, शिवाय गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही. वाटल्या जातात त्या कृमींवरच्या गोळ्या. त्या खाल्ल्यावर काहींना ताप भरतो आणि पुढच्या वर्षी घरंच्या घरं गोळी नाकारतात. हा ताप मुख्यतः अंगात कृमी असलेल्यांना येतो. कृमी मरताना त्यांच्यातले वोल्बाकिया रक्तात सांडतात आणि आपली प्रतिकारशक्ती खवळते, हे त्याचं एक कारण. गेल्या खेपेला आशाताईंबरोबर आमच्या गल्लीत फिरलो, तेव्हा दारोदार हेच सांगत होतो. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, विचारलं, "म्हणजे ताप आला तर औषध लागू पडलं म्हणायचं?" आणि गोळी मागून घेतली.