चकती लांब जाते ती दंडाच्या जोरावर नव्हे

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी घोलवडच्या किनाऱ्यावर आलात, तर एक दृश्य हटकून दिसेल. पुरुषमंडळी नि मुलं चकती फेकत असतात, आणि आपण बायका सुरूच्या सावलीत पिशव्या, चपला अन् पाण्याच्या बाटल्या राखत बसलेल्या असतो. कुणी फारच आग्रह केला तर एखादी उठते, पदर खोचते आणि हाताला हिसडा देऊन चकती भिरकावते. चकती वर चढते, थबकते आणि पंधरा पावलांवर वाळूत पडते. "आपल्या दंडात जोरच नाही बाई!" म्हणत ती परत येऊन बसते.

मैत्रिणींनो, दंडाचा इथे फारसा संबंधच नाही! मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि मुलींच्या खेळाच्या तासालाही असते. तिथे हाडापेराने दणकट मुलीपेक्षा काडीसारखी मुलगी चकती लांब फेकताना नेहमी दिसते. तिचे पाय, कंबर आणि खांदा ओळीने कामाला लागतात, एवढाच फरक.

परदेशात या फेकीचा चांगला मोठा खेळ झाला आहे. त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी चकती आणि भोकाऐवजी साखळ्या लावलेली खांबावरची टोपली. एड हेड्रिक या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात १९७५ साली त्याचे पहिले कायमचे मैदान आखले. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात जेनिफर अ‍ॅलन या बाईंनी १७३ मीटर फेक केली. घरच्या उदाहरणासाठी आपली थाळीफेक पाहा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया हिने ६१.५१ मीटर थाळी फेकून सुवर्णपदक मिळवले, आणि त्या वेळी ती संसारी होती, एका मुलाची आई होती. थाळी एक किलोची आणि चकती जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची, पण ताकद जमिनीतून पायात आणि पायातून कमरेत चढते, हे दोन्हींकडे सारखेच.

आता प्रत्यक्ष फेकीकडे वळू. ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू मिळते, तिच्यासारखी शिक्षिका नाही. पावलांचे ठसे राहतात, त्यामुळे काय चुकले ते आपले आपल्याला वाचता येते. काठीने निशाणाच्या दिशेने एक सरळ रेघ ओढा. उजव्या हाताने फेकणार असाल तर निशाणाकडे तोंड करून उभे राहायचे नाही, उजवा खांदा निशाणाकडे करायचा. बोर्डीच्या बाजूला फेकायचे असेल तर तोंड समुद्राकडे येईल. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. मागच्या पायाची बोटे आणि पुढच्या पायाची टाच त्या रेघेवर आली की कमरेला वळायला जागा मिळते.

चकती मागे न्यायची ती सरळ, निशाणाच्या नेमक्या उलट दिशेला. बहुतेकींचे इथेच बिनसते. आपण हात अंगाभोवती गुंडाळतो, जणू शाल पांघरतो आहोत. मग चकती सुटताना गोल वळणातून सुटते, नि कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. हात मागे जाताना छाती आणि दंड यांच्यात चकती मावेल एवढी मोकळी जागा राहू द्या. नजरही क्षणभर मागे जाऊ द्या, म्हणजे खांदे पुरते वळतात. निशाण कुठे पळून जात नाही!

यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी वजन पुढच्या पायावर, मग कंबर, मग खांदा, मग कोपर पुढे, आणि सर्वांत शेवटी मनगट. बागेत फवारणीचे यंत्र दोरी ओढून सुरू करतात ते पाहिले असेल. दोरी छातीजवळून सरळ येते, गोल फिरत नाही. चकती तशीच ओढायची. किंवा ओली साडी वाळत घालण्याआधी झटकतो, ते आठवा. फटकारा शेवटच्या टोकाला येतो, सुरुवातीला हात सैलच असतो. पहिल्यापासून मूठ आवळून धरली तर साडी झटकली जात नाही आणि चकतीही जात नाही.

सोडायचे कसे, हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. खरे सांगायचे तर सोडायचे नसतेच. अंगठा वर, चारी बोटे खालच्या कडेला. शेवटच्या क्षणी पकड घट्ट होते आणि वेगामुळे चकती आपणहून बोटांतून निसटते. बोटे मुद्दाम उघडू गेलात तर ती लवकर सुटून डावीकडे जाते. उशिरा सुटली तर उजवीकडे. रेघेच्या कोणत्या बाजूला पडते ते चार वेळा पाहा, दोष कळेल.

आणि ती वर चढून थबकणारी चकती? तिची पुढची कड उचललेली असते. अंग मागे रेललेले असते किंवा मनगट वर वळलेले असते. किटलीतून चहा ओतताना मनगट अंगठ्याच्या बाजूने किंचित खाली कलते ना, तसे ठेवा आणि वजन पुढच्या पायावर येऊ द्या. कड खाली बसते.

चकती सुटल्यावर मध्येच थांबू नका. हात पुढे वाहू द्या, अंग वळू द्या, पुढचा पाय टाचेवर फिरू द्या. टाचेखाली वाटीएवढा खड्डा दिसला तर पाय फिरला म्हणून समजा. खड्डा नसेल तर सगळा पीळ गुडघ्यात गेलेला असतो.

हे मी एवढे घोळून का सांगते आहे? आमच्या शेजारच्या एक वहिनी मोठ्या हौसेने खेळायला लागल्या होत्या. नुसत्या हाताच्या हिसड्याने फेकायच्या. महिनाभरात कोपराची बाहेरची बाजू अशी दुखू लागली की पिळा पिळवेना, तवा उचलवेना. घरातून लगेच आले, "कुणी सांगितले होते हे नसते खूळ?" आणि खेळ कायमचा बंद. पुरुषाचा खांदा दुखला तर तो पट्टी बांधून पुन्हा मैदानावर जातो, आपला दुखला की खेळच दोषी ठरतो. म्हणून हे वळण आधीपासून नीट घटवलेले बरे. सुरुवातीला खांदे-मनगटे फिरवून मोकळी करा, वीस-पंचवीस फेकींवर थांबा, निम्म्या जोरानेच फेका. दुखणे आठवडाभर राहिले तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता वाऱ्याचे. आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. उजव्या हाताची चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे कलते. बोर्डीकडे तोंड करून फेकलीत तर वारा तिच्या पाठीवर बसतो, ती लवकर खाली येते. डहाणूच्या बाजूला फेकलीत तर वारा कललेल्या चकतीच्या पोटाखाली शिरतो आणि ती थेट सुरूच्या झाडांत! म्हणून पहिले काही दिवस बोर्डीकडेच फेका, शोधाशोध वाचेल.

चकती मात्र बरी घ्या. जत्रेतली पातळ, हलकी चकती वारा खेळवतो, तिच्यावर काहीच शिकता येत नाही. पावणेदोनशे ग्रॅमची, सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर रुंदीची खेळाच्या सामानाच्या दुकानात मागा. साखळ्यांची टोपली कुठून आणायची, असे म्हणाल, तर चिकूचा रिकामा क्रेट सुरूच्या बुंध्याला टेकवा. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेली आणि पुढे कोसबाडला गेलेली ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांची बालवाडी शिंपले, बिया आणि पानांवर चालली, तर आपले टोपलीवाचून काय अडणार? पंधरा पावलांवरून दहापैकी पाच क्रेटात पडू लागल्या की अंतर वाढवा. साडीवर जमते, पण निऱ्या पायात येतात, तेव्हा सलवार-कमीज सोयीची. घरी आल्यावर चकती गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात टाकू नका, कड वाकडी झाली की ती सरळ उडत नाही.