राजपालयमचे पिल्लू : जातीची ओळख आणि पहिले चार महिने

प्रास्ताविक

चेन्नईत देशी जातीचा कुत्रा पाळायचा म्हटले की राजपालयमचे नाव हमखास निघते. उंच, सडपातळ, राखणीला आणि रानडुकरांच्या शिकारीला वापरला गेलेला हा कुत्रा तामिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील राजपालयम गावाच्या नावाने ओळखला जातो. पिल्लू घेणारे बहुतेक जण मात्र दुधासारखा रंग आणि गुलाबी नाक एवढेच पाहतात. या रंगाचा पिल्लाच्या कानांशी काय संबंध आहे आणि तो समजल्याने संगोपन कसे बदलते, हे या पाठात पाहू.

१. जात म्हणजे काय?

ठरावीक लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या टिकवून ठेवणारा प्राण्यांचा समूह म्हणजे जात. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड (महाराष्ट्रात ‘कारवानी’ नावाने परिचित) या कुत्र्यांच्या जातींची नोंद केली आहे. ही नोंद संपूर्ण समूहाची असते. एखाद्या पिल्लाच्या आईवडिलांची नोंद ठेवण्याचे काम केनेल क्लब ऑफ इंडिया करतो. त्याचे मुख्यालय चेन्नईतच आहे. अशा कागदावरून वंशावळ कळते, पिल्लाचे आरोग्य कळत नाही.

२. पांढरा रंग आणि बहिरेपणा

गर्भात मज्जारज्जूच्या जागेजवळ तयार होणाऱ्या रंगपेशी तिथून त्वचेकडे आणि आंतरकर्णाकडे सरकतात. आंतरकर्णात त्या कर्णशंखातील द्रवाचे रासायनिक संतुलन राखण्यास मदत करतात. पांढऱ्या रंगाला कारणीभूत असलेल्या काही जनुकांमुळे या पेशी कानापर्यंत पोहोचत नाहीत. मग जन्मानंतर काही आठवड्यांतच ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. डाल्मेशियन जातीतही हेच आढळते.

प्रत्येक पांढरे पिल्लू बहिरे नसते. पण फक्त शुभ्र रंगासाठी, मोजक्या आणि नात्यातल्याच कुत्र्यांमध्ये संकर होत राहिला, तर धोका वाढतो. मागणी रंगाला असेल तर पैदासही रंगासाठीच होते. म्हणजे या दोषाला ग्राहकाची आवडही हातभार लावते.

३. श्रवण कसे तपासावे?

एका वेताची पिल्ले एकमेकांचे पाहून धावतात, त्यामुळे बहिरे पिल्लूही ऐकल्यासारखे वाटते. म्हणून पिल्लू एकटे असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या नजरेआडून किल्ल्या वाजवाव्यात. जवळून टाळी वाजवू नये किंवा पाय आपटू नये. हवेचा झोत आणि जमिनीची कंपने त्याला जाणवतात. एकाच कानाचा बहिरेपणा घरी ओळखणे अवघड असते. त्यासाठी मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजणारी ‘बेअर’ चाचणी लागते. असे कुत्रे घरात उत्तम राहते, पण पैदाशीसाठी वापरू नये.

४. पहिले चार महिने

* आणण्याचे वय : २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. आई आणि भावंडांच्या सहवासात ते चावण्याची मर्यादा शिकते.
* लसीकरण : आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम रोखतात आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी संपतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६ आठवड्यांपर्यंत, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने डोस देतात. रेबीजची लस साधारण ३ महिन्यांनंतर देतात.
* ओळखीचा काळ : ३ ते १४ आठवड्यांत पिल्लू माणसे, आवाज, वाहने यांना सरावते. लसीकरण अपुरे असते तेव्हा त्याला कडेवर घेऊन फिरवावे, रस्त्यावर सोडू नये.
* हवामान : कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून थंड होते. चेन्नईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर ठेवावे.
* पिल्लू बहिरे असल्यास : हातांच्या खुणा शिकवाव्यात, बाहेर नेहमी पट्टा लावावा आणि झोपेत अचानक हात लावू नये. दचकून चावणे म्हणजे आक्रमकपणा नव्हे.

सारांश

जातीची माहिती म्हणजे पिल्लाने सोबत काय आणले असेल याचा अंदाज. राजपालयम घेताना आईवडिलांचे नाते आणि ऐकू येते का, हे आधी विचारावे. नाकाचा रंग नंतर पाहावा.

स्वाध्याय

१. रंगपेशींचा श्रवणाशी काय संबंध आहे?
२. पिल्लांना लसीचे डोस पुन्हापुन्हा का द्यावे लागतात?
३. तुमच्या भागातील एका देशी कुत्र्याच्या जातीत कोणत्या लक्षणाला मागणी आहे? त्याचे जातीवर काय परिणाम संभवतात, ते लिहा.